एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ : नववीच्या वर्गातलं एक प्रकरण

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी दुपारच्या अधिवेशनाची पर्यवेक्षिका आहे. हे प्रकरण डिसेंबर २०२३ मधलं. शाळा, तुकडी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोन मुलांसाठी ‘क’ आणि ‘ग’ ही अक्षरं वापरली आहेत. ज्या बाईंच्या बाबतीत हे घडलं त्यांनी मजकूर आधी वाचला, दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली.

पार्श्वभूमी

‘शाळेत मोबाईल आणू नये’ हे वाक्य आमच्या शाळेच्या डायरीत कित्येक वर्षं छापलेलं आहे. ते पाळलं जात नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. जून २०२० मध्ये शाळा फोनवर गेली तेव्हा आम्हीच पालकांच्या मागे लागलो होतो, मुलाला फोन द्या म्हणून. ज्यांना परवडत नव्हता त्यांच्यासाठी शिक्षकांनी जुने फोन गोळा केले. ४ ऑक्टोबर २०२१ ला आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरले, आणि त्याच फोनला आम्ही एका दिवसात दाराबाहेर उभं केलं.

आमची बरीच मुलं डोंगरावरच्या वस्तीतून आणि चाळींतून येतात. सहाला शाळा सुटली की कुणी थेट क्लासला जातं, कुणी धाकट्या भावाला बालवाडीच्या मावशींकडून घेतं, काही लोकलने दोन स्टेशनं पुढे जातात. आई कामावरून आठला घरी. अशा घरात फोन ही चैन नाही. त्यामुळे तो यायचा, दप्तराच्या आतल्या कप्प्यात, सायलेंटवर. ज्याचा सापडला त्याला शिक्षा, बाकीच्यांचं आम्हाला दिसतच नव्हतं.

आणखी एक गोष्ट टाळेबंदीतून मागे राहिली होती. प्रत्येक तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप शिक्षकांच्या खासगी नंबरवर होता. म्हणजे पन्नासेक मुलांकडे आणि त्यांच्या घरच्यांकडे बाईंचा नंबर, बाईंचा फोटो, बाईंचं रोजचं स्टेटस. त्याकडे ‘खासगी’ म्हणून कुणी पाहिलंच नव्हतं, बाईंनीही नाही.

काय घडलं

बाई गणित शिकवतात. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. मूळच्या सिंधुदुर्गातल्या, एरवी शुद्ध बोलतात, पण रागावल्या की जीभ गावाला जाते. सोमवारी सहाव्या तासाला दोन चलांतील रेषीय समीकरणं चालली होती. मागच्या बाकावर गडबड झाली. बाई फळ्याकडून वळल्या, डस्टर टेबलावर आपटला आणि एका मुलाला म्हणाल्या, “गप रव मेल्या!” वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरच्या ‘क’ने हे दप्तराआडून टिपलं. एकोणीस सेकंद.

त्याने ते नऊ मुलांच्या ग्रुपवर टाकलं. त्यातल्या एकाने क्लासमधल्या दुसऱ्या शाळेच्या मित्राला पाठवलं आणि त्या मित्राने बाईंच्या चेहऱ्याचा स्टिकर बनवला. बुधवारी रात्री आमच्याच दुसऱ्या तुकडीतल्या ‘ग’ने इन्स्टाग्रामवर बाईंच्या पूर्ण नावाने खातं उघडलं. फोटो व्हॉट्सॲपच्या डीपीवरून घेतलेला. खात्यावर तो व्हिडिओ, आणि खाली बाईच बोलत आहेत असं दाखवणारी मालवणी वाक्यं.

बाईंना हे शाळेत कळलं नाही. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते. तिच्या एका मैत्रिणीने तिला स्टिकर पाठवला. तो कुणाच्या आईचा आहे हे त्या मैत्रिणीला माहीत नव्हतं. गुरुवारी अकरा वाजता, शाळा भरायच्या दीड तास आधी, बाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या.

पहिले काही तास

या काही तासांवर मी थांबणार आहे, कारण नुकसानाचा मोठा भाग इथे झाला आणि तो आम्ही मोठ्यांनी केला.

मी बाईंना म्हणाले, “मला पाठवा, बघते.” त्यांनी पाठवला. वर्ग कोणता ते कळावं म्हणून मी तो वर्गशिक्षकांना पाठवला, मुख्याध्यापिकांनाही पाठवला. वर्गशिक्षकांनी चांगल्या हेतूने तो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला : हा आवाज कोणत्या मुलांचा आहे, कुणी ओळखेल का? मधली सुट्टी होईपर्यंत तो व्हिडिओ बावीस शिक्षकांच्या आणि कार्यालयातल्या दोघांच्या फोनमध्ये होता. बाई डबा घेऊन शिक्षक खोलीत गेल्या तेव्हा बोलणं थांबलं. त्या डबा न उघडता परत आल्या. नंतर मला म्हणाल्या, “मुलांनी दाखवला त्याचं एवढं नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिलात.”

हे वाक्य त्यांनी काढायला सांगितलेल्या दोनांत नाही. ते ठेवा, असं त्यांनीच सांगितलं.

दुसरी चूक लगेच घडली. पाचव्या तासाला त्या तुकडीची दप्तरं तपासली. छप्पन मुलांत चौदा फोन निघाले. तिथवर ठीक होतं. शाळेत फोन आणायची परवानगी नव्हती, सुटेपर्यंत ठेवून घेणं नियमात बसत होतं. पण एका सरांनी मुलांना लॉक उघडायला लावलं आणि गॅलरी चाळायला सुरुवात केली. चौथ्या की पाचव्या फोनवर एका मुलीचे तिच्या मैत्रिणीशी झालेले खासगी मेसेज समोर आले. त्यांचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता. मुलगी सगळ्यांदेखत रडायला लागली. मुख्याध्यापिका तेव्हा वर्गात आल्या आणि त्यांनी तपासणी तिथल्या तिथे थांबवली.

फोन ताब्यात घेणं आणि फोन उघडून पाहणं यांत फरक आहे. पहिलं शाळेच्या शिस्तीत येतं. दुसरं आमचं काम नाही. गुन्ह्याचा तपास असेल तर तो पोलिसांनी, कायद्याने घालून दिलेल्या रीतीने करायचा. एका बाईंच्या खासगीपणासाठी निघालेलो आम्ही तासाभरात एका मुलीच्या खासगीपणावर पाय देऊन उभे होतो. त्या मुलीची बाब मुख्याध्यापिकांनी दुसऱ्याच दिवशी सखी सावित्री समितीपुढे, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीपुढे ठेवली. २०२२ पासून शाळांमध्ये ही समिती असते. आमच्याकडे तोवर ती फाइलमध्ये होती. सरांनी मुलीची आणि तिच्या आईची बंद खोलीत माफी मागितली.

त्या संध्याकाळी फोन ‘पालकांच्याच हातात’ द्यायचं ठरलं. एका मुलाला बालवाडीतून भावाला घ्यायचं होतं आणि आईला उशीर होणार असल्याचा फोन येणार होता. तो आला, आमच्या कपाटात वाजत राहिला. मूल सात वाजेपर्यंत मावशींच्या ओट्यावर बसून होतं.

कायदा कुठे उभा होता

शुक्रवारी सकाळी बैठक झाली. संस्थेचे एक पदाधिकारी, मुख्याध्यापिका, मी, वर्गशिक्षक आणि पालक-शिक्षक संघातले एक वकील पालक. त्यांच्यामुळे बरेच गैरसमज फिटले.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ए लावा, असं एकाने सुचवलं. आक्षेपार्ह मेसेजबद्दलचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं आहे. कलम ६६ई खासगीपणाच्या भंगाचं आहे, पण ते शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतं. वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा व्हिडिओ त्यात बसत नाही. दुसऱ्याच्या नावाने खोटं खातं उघडणं मात्र वेगळी बाब, आणि तिथे तक्रारीला जागा होती. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१७ मधल्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि माणूस चारचौघांत आहे म्हणून तो हक्क संपत नाही हेही त्यात आहे. वर्गात छप्पन जण बाईंना पाहतात, ऐकतात. ते शिकण्यासाठी. तो चेहरा उचलून नाक्यावर नेण्याची परवानगी त्यात येत नाही.

मुलं पंधरा वर्षांची. त्यामुळे पोलिसांकडे गेलो तरी प्रकरण बाल न्याय कायदा, २०१५ खाली जाणार. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात कुणी प्रौढ सामील नसेल तर त्यात एफआयआर होत नाही. बाल कल्याण पोलीस अधिकारी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घेतात, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो आणि तो बाल न्याय मंडळाकडे जातो. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. काही शिक्षकांना वाटत होतं की पोलीस म्हणजे मुलाला हातकडी. काहींना वाटत होतं, लहान मुलांचं पोलीस काही ऐकूनच घेणार नाहीत. दोन्ही खरं नव्हतं.

वकिलांनी एक अवघड मुद्दाही मांडला, आणि बैठकीत तो कुणालाच आवडला नाही. व्हिडिओत बाई मुलाला ‘मेल्या’ म्हणताना दिसतात. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. तो कायदा सहा ते चौदा वयापुरता, पण नववीतल्या मुलाला अपमान कमी लागतो असं थोडंच आहे? कोकणातल्या घरात हा शब्द मायेनेही येतो. तरी तो वर्गात उच्चारला गेला होता. आणि उद्या एखाद्या मुलाने खरोखर मारहाण होताना चित्रित केली, तर आपण ‘शिक्षकांचा खासगीपणा’ म्हणून त्याचं तोंड बंद करणार का? म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायचं ठरलं. मुलाला शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर चित्रण मुख्याध्यापिकांकडे किंवा समितीकडे आणावं. त्यासाठी त्याला फोन आणल्याची शिक्षा होणार नाही. चेष्टेसाठी गावभर पाठवणं ही वेगळी गोष्ट.

समोर असलेले पर्याय

दाखला हातात देणं हा सर्वांत जोरात मांडला गेलेला पर्याय होता. डिसेंबरात नववीतल्या मुलाला दाखला दिला तर त्याला कोणती शाळा घेणार? आमच्या भागात अशी मुलं दहावीपर्यंत पोचत नाहीत, वडापावच्या गाडीवर किंवा कुरिअरच्या गोदामात दिसतात. मुख्याध्यापिकांनी हा पर्याय पहिल्या दहा मिनिटांत बाजूला ठेवला.

पदाधिकाऱ्यांना सगळं शांतपणे मिटवायचं होतं. पुढच्या वर्षीच्या प्रवेशांची चिंता खरी होती; मराठी शाळांच्या तुकड्या कशा बंद पडतात ते आम्ही पाहतोच आहोत. पण शांतपणे मिटवणं म्हणजे बाईंना सोमवारी त्याच वर्गात पाठवणं. परिपाठाच्या वेळी मुलांना व्यासपीठावर उभं करून माफी मागायला लावायचा प्रस्तावही आला. मी स्वतः त्याच्या बाजूने होते. वर्गशिक्षकांनी विचारलं, “आणि तेव्हा आठशे मुलं बाईंकडेच बघणार ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बैठक सुरू होऊन दीड तास झाल्यावर लक्षात आलं की बाईंना अजून कुणी काही विचारलेलंच नाही. त्या शेजारच्या खोलीत पेपर तपासत होत्या. त्यांना बोलावलं. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. ते खातं आजच्या आज बंद व्हावं. शिक्षकांनी आपापल्या फोनमधून व्हिडिओ काढावा आणि त्यावर पुन्हा बोलू नये. आणि ज्याने केलं त्याने समोर बसून का केलं ते सांगावं. तोवर त्या तुकडीवर तास नको. पोलिसांबद्दल म्हणाल्या, “आज नाही जायचं. पण मला जावंसं वाटलं तर शाळा आड येणार नाही, हे लिहून द्या.” तसं लिहून दिलं.

केलेली कारवाई

आधी पुरावा नीट ठेवला : खात्याचा पत्ता, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, मूळ व्हिडिओची एक प्रत, सगळं मुख्याध्यापिकांकडे एका पेनड्राइव्हवर. मग बाकीच्या प्रती काढायला लावल्या. शिक्षकांनी ते माझ्यासमोर केलं. खोट्या खात्याची तक्रार ज्याच्या नावाने खातं आहे त्या व्यक्तीने केली तर ती लवकर पुढे सरकते. बाईंनी मुलीला सोबत घेऊन ओळखपत्रासह अर्ज भरला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तोतयेगिरीच्या अशा तक्रारीवर तेव्हा चोवीस तासांची मुदत होती. शनिवारी दुपारी खातं दिसेनासं झालं. व्हॉट्सॲपवरचे मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करण्याची वेळ मात्र गेली होती. ती मुदत जेमतेम अडीच दिवसांची असते, आणि पहिला मेसेज सोमवारचा.

कोणी केलं हे फोन न उघडता कळलं. शनिवारी मी त्या तुकडीत गेले. व्हिडिओ दाखवला नाही, त्यातलं वाक्यही उच्चारलं नाही. बाईंना तो कसा मिळाला एवढंच सांगितलं : त्यांच्या मुलीच्या फोनवर, मैत्रिणीकडून. वर्गात चिडीचूप झालं. दाखला दिला जाणार नाही, पोलिसांचं बाई ठरवतील आणि मी दोनपर्यंत खोलीत एकटी आहे, हेही सांगितलं. ‘क’ पावणेदोनला आला. ‘ग’ला त्यानेच आणलं.

मंगळवारी समुपदेशक ताई, दोन्ही मुलं, त्यांचे पालक आणि बाई एकत्र बसलो. ‘क’च्या वडिलांनी आत येताच मुलाच्या पाठीत धपाटा घातला. ताईंनी त्यांना शांतपणे बाजूला बसवलं. बाईंनी ‘क’ला विचारलं, “माझ्या बोलण्यात हसण्यासारखं काय होतं रे?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काही नाही बाई. माझी आजी पण तशीच बोलते.”

‘ग’ बोलला तेव्हा खोलीतलं चित्र पालटलं. मागच्या वर्षी क्रीडा महोत्सवात पोत्यांच्या शर्यतीत तो तोंडावर पडला होता. आमच्या एका शिक्षकाने ते चित्रित केलं, विनोदी गाणं लावलं आणि शाळेच्या पेजवर टाकलं. मुलं त्याला कित्येक महिने ‘पोतं’ म्हणत होती. “मला कोणी विचारलं नव्हतं मॅडम,” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मला वाटलं असं चालतं.” ती रील मीही पाहिली होती. तिला लाइकही दिला होता.

त्याने केलेलं यामुळे बरोबर ठरत नाही, आणि ताईंनी ते त्याला स्पष्ट सांगितलं. पण ती रील त्याच संध्याकाळी काढली गेली.

मुलांनी काय करायचं हे तिथेच ठरलं. ज्या ज्या ग्रुपवर व्हिडिओ गेला तिथल्या प्रत्येकाशी, क्लासमधल्या त्या मित्रासकट, स्वतः बोलून तो काढायला सांगायचं. वर्ष संपेपर्यंत फोन शाळेत आणायचा नाही. ‘ग’ला खाती उघडण्यातलं कळत होतं, त्याने संगणकाच्या सरांबरोबर बसून ‘तुमच्या नावाने खोटं खातं निघालं तर काय करावं’ असा मराठी तक्ता तयार केला. तो संगणक कक्षात लागला आहे, त्यावर त्याचं नाव नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाई त्या तुकडीवर परतल्या. वर्गशिक्षक सोबत यायला तयार होते, त्यांनी नको म्हटलं. फळ्यावर तारीख लिहून वळल्या आणि म्हणाल्या, “मी त्या दिवशी जो शब्द वापरला तो वापरायला नको होता.” शिक्षक खोलीत यावर वाद झाला, बाईंनी कशाला कमीपणा घ्यायचा, असं काहींचं म्हणणं होतं. मला तो कमीपणा वाटला नाही. पण त्यांना हे करा असं आमच्यापैकी कुणीही सांगितलं नव्हतं, सांगायचा आम्हाला अधिकारही नव्हता.

परिणाम

डायरीतलं वाक्य जूनपासून बदललं. प्रत्येक वर्गात खणांची लाकडी पेटी आहे, खणावर हजेरी क्रमांक. पहिल्या तासाला फोन बंद करून खणात, पेटी कार्यालयात, शेवटच्या घंटेला परत. घरी तातडीचा निरोप असेल तर कार्यालयातला दूरध्वनी. पहिल्याच आठवड्यात त्या तुकडीतून एकोणतीस फोन पेटीत आले. दप्तर तपासणीत चौदाच सापडले होते.

तुकड्यांचे ग्रुप आता शाळेच्या सिमकार्डवर आहेत. मुलाचा कोणताही व्हिडिओ त्याच्या आणि पालकांच्या लेखी होकाराशिवाय शाळेच्या पेजवर जात नाही. पडणारं, रडणारं, अडखळणारं मूल तर होकार असला तरी नाही. हा नियम मान्य करायला शिक्षकांना मुलांपेक्षा जास्त वेळ लागला. वर्गातही सीसीटीव्ही लावा, ही काही पालकांची मागणी तूर्त मागे ठेवली आहे, कारण चित्रण कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार याचं उत्तर आधी हवं.

स्टिकर पूर्ण गेला नाही. मार्चमध्ये दुसऱ्या एका क्लासच्या ग्रुपवर तो पुन्हा दिसला. ‘क’नेच येऊन सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला प्रश्न बाईंना विचारायला हवा होता : तुम्हाला आत्ता काय हवंय? तो आम्ही गुरुवारी अकराला विचारायचा, तो शुक्रवारी दुपारी विचारला. व्हिडिओ मी माझ्या फोनवर मागवायला नको होता. त्यांच्याच फोनवर, त्यांच्या शेजारी बसून एकदा पाहिला असता तर पुरे होतं, आणि वर्ग ओळखायला नुसतं वेळापत्रक लागलं असतं. दप्तरं तपासायचीच गरज नव्हती. ज्या गोष्टीने मुलं पुढे आली ती गुरुवारीही करता आली असती.

दुसऱ्या शाळेतल्या ज्या मुलाने स्टिकर बनवला त्याच्यापर्यंत आम्ही पोचलो नाही. क्लासचालकांना फोन केला, त्यांनी ‘बघतो’ म्हटलं, आम्ही पाठपुरावा केला नाही. मार्चमधला स्टिकर तिथूनच आला असावा असा माझा अंदाज आहे.

आणि एक गोष्ट कुठल्याच बैठकीत आली नाही, कारण ती तेव्हा दिसत नव्हती. ‘मेल्या’ हा शब्द गेला ते बरंच झालं. पण बाई आता वर्गात रागावल्या तरी पुस्तकी मराठीत रागावतात. आधी त्या समीकरण सुटलं की “बरोबर इला!” म्हणायच्या आणि कोकणातली निम्मी मुलं खुलायची. ते थांबलं आहे. मी एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तोंडात येतं हो. पण आधी बाकांखाली नजर जाते.”